पाठकोऱ्या कागदांवरचा तारा

एका खोलीत दोन मास्तर, एक रांगतं बाळ आणि एक तारा राहिला की किस्से इतके साठतात की केर काढताना सुद्धा एखादा सापडतो!

आमचे हे शहाद्याला हायस्कुलात सायन्स शिकवतात. त्यांचे मित्र पाटीलभाऊ, तेही मास्तरच, कळसाडीहून येतात. दोघं मिळून पुण्याच्या एका प्रोफेसरसाहेबांसाठी एका थंड ताऱ्याच्या हवेचं थराथराने गणित करतात. लॉगची टेबलं ह्यांनी मला शिकवली, म्हणून गुणाकार माझ्याकडे.

शेजारच्या तानूमावशीने विचारलं, "थंडा म्हंजे कितला थंडा शे?"

हे म्हणाले, "साडेतीन हजार डिग्री."

"मंग मन्ही चूल तं बरफ शे!"

*

महायुद्धामुळे कागद मिळेना. गणित मुलांच्या जुन्या, पाठकोऱ्या उत्तरपत्रिकांवर चाललं. पहिल्यांदा पुण्याहून सगळं परत आलं. पत्रात दोनच ओळी: "तुमच्या ताऱ्यातून आरपार दिसतं. मागच्या बाजूचा गाईवरचा निबंध मात्र उत्तम!"

*

चूक अशी, की हायड्रोजनचा अणू दुसऱ्याचा इलेक्ट्रॉनही धरून ठेवतो आणि उजेड अडवतो, हे आमच्या जुन्या टेबलात नव्हतंच. पाटीलभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "एका आकड्यापायी अख्खा तारा पाडून बांधायचा!"

मग कोणता अणू आपला इलेक्ट्रॉन किती सहज सोडतो, ते मला समजावलं. सोडियम चटकन सोडतो, हेलियम सगळ्यांत घट्ट धरतो. तेवढ्यात तानूमावशीने बाळाला घ्यायला हात पुढे केले. मी बाळाला आणखी आवळलं.

"वहिनी म्हणजे हेलियम!" पाटीलभाऊ ओरडले.

*

एकदा बाळाने कागद चावला. माझा जीव खालीवर! तशीच डॉक्टरांकडे धावले.

"काय खाल्लं?"

"ताऱ्याचा पाचवा थर!"

डॉक्टरांनी आधी माझीच नाडी पाहिली.

*

दुसऱ्यांदाही परत! "आता तारा डांबरासारखा झाला. पुन्हा चुकलं तर काम दुसऱ्यांना देऊ." दोन दिवस हे धड जेवले नाहीत.

बाळाला मांडीवर घेऊन मी पानं तपासत होते. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला जो आकडा, तोच दुसऱ्यालाही धरलेला.

"हे बरोबर आहे?" मी विचारलं.

"अणू तोच ना, वहिनी!"

"एखाद्या आईकडून एक लेकरू नेलंत, ते दिलं तिने. लगेच दुसरं मागायला गेलात तर ती दार लावून घेणार नाही?"

हे हसले. मग पुस्तक उघडलं. मग हसायचे थांबले. दुसऱ्याला नऊपट जोर लागत होता; आम्ही मात्र तो फुकटात सोडवून हायड्रोजनला दिला, म्हणूनच ताऱ्याचं डांबर झालं होतं!

चार दिवस बसून तिघांनी तारा पुन्हा बांधला, आणि पुण्याला रवाना केला.

उत्तर आलं. ह्यांनी दारातच मोठ्याने वाचलं: "तारा जमला. सोडियमची चूक कोणत्या सरांनी पकडली? त्यांचं शिक्षण कळवावं. पुढचा ताराही त्यांच्याकडेच द्यावा म्हणतो."

ह्यांनी पत्र माझ्यापुढे धरलं. मी हात पुसले, टाक घेतला आणि स्वतःच लिहिलं:

"सातवी पास. सध्या बाळाला दात येत आहेत. तारा पुढच्या महिन्यात पाठवावा."