अठरा इंचांच्या रेघा

आधीच सांगून ठेवते — भूत, बाधा, करणी, उतारा, यातलं काहीही मी आयुष्यात मानलं नाही. नागपुरात सीताबर्डीला एका गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान होतं, चौतीस वर्षं. बाया माप देता देता एकेक किस्से सांगायच्या... कोणाच्या वहिनीच्या अंगात आलं, कोणाच्या मागे चिंचेखालून काय लागलं. मी तोंडात टाचण्या धरून ऐकायची आणि शेवटी विचारायची, "बाही किती ठेवू?" जे टेपखाली येत नाही ते नाहीच, हा माझा खाक्या. आता मुलगी मागे लागली म्हणून लिहायला बसले आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा, मीसुद्धा हसले असते.

आमचं घर नरखेड तालुक्यात आहे. गावाचं नाव लिहीत नाही, लोक उगीच बघायला येतात. गावापासून दीड किलोमीटर आत, संत्र्याच्या बागेत, स्लॅबच्या तीन खोल्या एका रांगेत — मागे झोपायची, मध्ये बैठक, पुढे ओसरी. बैठकीच्या उजव्या हाताला स्वयंपाकघर. आमच्या यांनी नोकरीत असतानाच बांधून ठेवलेलं. हे म्हणजे माझे मिस्टर, एसटीत कंडक्टर होते. गाडी कितीही उसळो, एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात सुटे, आणि कशालाही न धरता हा माणूस मागच्या सीटपर्यंत जाऊन यायचा. लग्नानंतर पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला भारी कौतुक वाटलं होतं.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी यांचा उजवा हात थरथरायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन. कंपवात. गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, यांना चालतं ठेवा. चालणं थांबलं की मग बाकीचं भराभर थांबतं." मी ते वाक्य पक्कं धरलं. दुकान बंद केलं, आणि आम्ही इथे आलो. मोकळी हवा, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, दोन वेळा बागेतून चक्कर. सात-आठ महिने इतके छान गेले की मला वाटलं, डॉक्टरच चुकले असतील.

मग मला घर सजवायची हुक्की आली.

खरंच सांगते, ही माझीच हौस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पसंतीचे गळे कापले, म्हातारपणी घर तरी आपल्या पसंतीचं असावं, म्हणून. भिंती पांढऱ्या, पडदे मोतिया, आणि खाली दोन बाय चारच्या चकाचक पांढऱ्या टाइल्स. मिस्त्रीला मी बजावलं होतं, दोन टाइल्समधली दरज दिसली तर पैसे मिळणार नाहीत. जुनी शहाबादी फरशी काळपट होती, तिच्या दरजांमध्ये मातीच माती. वाटलं, पेशंट माणसाला स्वच्छ, मोकळं पाहिजे.

हे एवढंच म्हणाले होते, "जुनी राहू दे ना वं. तिच्यावर पाय बरोबर पडते."

"पाय कुठेही बरोबरच पडतात," मी म्हटलं. झालं.

टाइल्स बसल्या आणि तिसऱ्या दिवशी हे झोपायच्या खोलीच्या दारात उभे राहिले ते राहिलेच. वरचं अंग पुढे चाललंय, पाय जागेवर. कपाळाला घाम. "काय झालं हो?" तर म्हणतात, "पाय चिकटले वं. उचलताच येऊन नाही राहिले."

त्यानंतर रोज. दारात, बैठकीच्या मध्यात, कुठेही. बागेत मातीवर थोडे चालायचे, पण बागेपर्यंत न्यायचं कसं? एकदा ओढून न्यायला गेले तर दोघेही पडलो, यांचं कंबरडं पंधरा दिवस काळंनिळं होतं. गोळ्या बदलल्या, तिळाच्या तेलाने मालिश केलं, गावातल्या एकीने सांगितलं म्हणून उंबऱ्यावर लिंबूसुद्धा कापलं. हो, मी! कापलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. पाठ फिरवून ओट्याशी रडून घ्यायची, कारण समोर रडले तर हे म्हणायचे, "राहू दे वं, बसतो मी इथंच." आणि तेच तर मला नको होतं.

आता मुद्द्याचं. सकाळचे दहा-साडेदहा, लख्ख ऊन. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. घरातून चपलांचा आवाज आला. फटक, फटक, फटक — एका तालात. धावत आत आले तर हे ओसरीवर उभे! एकटे. खांबाला हात लावून बागेकडे बघत.

"अहो! कसे आलात?"

"चालत आलो," म्हणाले. जसं काही रोजचंच.

खाली बघितलं. माझ्या पांढऱ्या टाइल्सवर, पलंगापासून ओसरीपर्यंत, आडव्या रेघा. बोटभर रुंद, काळपट, पाणी मुरल्यासारख्या. हात लावला तर कोरड्या. मला आधी रागच आला. धुणीभांडी करणाऱ्या शोभावर ओरडले, "काय सांडलं गं इथे?"

"काकू, मी आत आलीच नाही अजून," ती बिचारी रडकुंडीला आली.

मी फडकं घेऊन सगळं पुसलं. रेघा गेल्या. पण फडकं पांढरं शुभ्र! आणि परत खोलीत जायला निघालेले हे बैठकीच्या तोंडाशीच अडकले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघा. पुन्हा हे ओसरीवर. तेव्हा मात्र पुसल्या नाहीत. गळ्यात टेप होताच, जुनी सवय. मोजलं. दोन रेघांत अठरा इंच. पुढच्या दोन — अठरा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अठरा, सुताचाही फरक नाही. मी चौतीस वर्षं खडूने रेघा मारल्यात, इतक्या एकसारख्या मलाही जमल्या नसत्या. संध्याकाळपर्यंत आपोआप फिक्या होऊन गेल्या.

मुलगी नागपूरहून आली. आधी म्हणाली, "आई, तूच काढतेस आणि विसरतेस का गं?" मग तिने स्टँडला मोबाइल लावला, बैठकीत, दिवसाउजेडी. नंतर आम्ही दोघींनी व्हिडिओ पाहिला. कोरी फरशी... कोरी फरशी... मग मी बादली घेऊन समोरून जाते, माझ्या पातळाने क्षणभर सगळं झाकलं जातं, आणि मी पुढे सरकले की रेघा आहेत. मुलीने तेवढाच भाग वीसेक वेळा पाहिला. मग मोबाइल बंद केला आणि त्या रात्री माझ्याजवळ झोपली. तिचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

काटोलला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे, तिला मी फोटो दाखवला. ती खूश झाली. "काकू, तुम्हाला कोणी सांगितलं? या पेशंट्सना आम्ही हेच सांगतो. प्लेन फरशीवर मेंदूला पाऊल सापडत नाही. आडव्या पट्ट्या दिसल्या की त्या ओलांडायला पाय उचलतो." मग विचारलं, "आधी घरात कशी फरशी होती?"

मी सांगितलं. काळपट. दरजांची.

"तेच तर. त्या दरजांवरच काका चालत होते."

परतताना बसमध्ये तिकीट काढायचंही भान राहिलं नाही. मीच. मीच त्यांच्या पायाखालची वाट उपटून फेकली होती, वरून मिस्त्रीला दम देऊन.

तरी रेघा येत होत्या, हे चालत होते. कोण काढतं, काहून काढतं, मला काही देणंघेणं राहिलं नव्हतं. मी मापाच्या वहीत रोज आकडा लिहायची. अठरा. अठरा. एक दिवस सतरा. मला वाटलं टेप सरकला. पुन्हा मोजलं, सतराच. आठ-दहा दिवसांनी सोळा. आणि बरोबर तेवढ्यातच यांचं पाऊलही आखूड पडायला लागलं... नाही, चूक लिहिलं. रेघा आधी जवळ येत होत्या. पाऊल नंतर आखडत होतं. चार-पाच दिवसांनी. वही आहे माझ्याकडे.

हे कळलं तेव्हा मी वेड्यासारखी झाले. चौदावर आलं त्या दिवशी मी इलेक्ट्रिकचा काळा चिकटटेप आणला आणि रेघा पुसून स्वतः पट्ट्या लावल्या. मोजून अठरा इंचांवर. म्हटलं, बघू कोण जिंकतं. यांना उभं केलं. "टाका पाऊल. पहिल्यासारखं टाका."

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टाकलं. दुसरं टाकायला गेले, पाय पट्टीपर्यंत पुरला नाही, तसेच कुशीवर पडले. भुवई फुटली. पांढऱ्या टाइल्सवर रक्त, आणि हे खालून मलाच समजावतात, "तुह्या रेघा लांब आहेत वं. माह्या पायाच्या नाहीत त्या."

पट्ट्या मी नखांनी काढल्या. सकाळी रेघा होत्या, तेरा इंचांवर. मी त्या रेघांसमोर फतकल मारून बसले आणि चक्क बोलले, फरशीशी. "कोण आहेस गा? माणूस असशील तर माणसासारखा ऐक. एक इंच दे. एकच. माह्यावर काय राग असेल तर माह्यावर काढ." शोभा दारात उभी होती, तिने झाडू ठेवला आणि घरी गेली. मला कसलीच लाज वाटली नाही.

कोणी काही दिलं नाही. दहा. आठ. सहा. पलंगापासून ओसरीपर्यंत सगळी फरशी रेघारेघांची, आणि हे त्यावरून मुंगीच्या पावलांनी यायचे. पण यायचे! खुर्चीत बसले की थकून हसायचे, "आली वं गाडी."

मग गेल्या महिन्यात एका सकाळी रेघा नव्हत्या. फरशी कोरी. दुसऱ्या दिवशीही. हे पलंगाच्या काठावर बसून खाली बघत राहिले आणि दुपारी म्हणाले, "संपलं वाटते." मी घरभर फिरले. मोरीत पाहिलं, पलंगाखाली टॉर्च मारला. शिव्या दिल्या, हात जोडले. तिसऱ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. यांना उभं केलं आणि माझा पाय यांच्या पायापुढे आडवा टाकून म्हटलं, "घ्या! ही घ्या रेघ! टाका यावरून!"

आणि यांनी टाकलं.

मी दुसरा पाय आडवा ठेवला. यांनी तोही ओलांडला. मी मागे मागे सरकत, एकेक पाय आडवा ठेवत, आणि यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. मला हसू आणि रडू एकदमच आलं. यांच्याच एसटीतल्या आवाजात म्हटलं, "पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे!" आजाराने यांचा चेहरा हल्ली हलत नाही, पण डोळे हसले. ओसरीपर्यंत अर्धा तास लागला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तसंच नेते. माझे गुडघे आता साठ वर्षांचे आहेत, रात्री ठणकतात. ठणकू देत. हे चालताहेत.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलं नसतं.

मागच्या सोमवारी सकाळी कुकर लावला, कोथिंबीर आणायला बाहेर गेले, परत आले तर रेघा! स्वयंपाकघरात. बैठकीकडच्या दारापासून ओट्यापर्यंत. मी इतकी आनंदले की कोथिंबीर तिथेच टाकली आणि यांच्याकडे पळाले. "अहो, आल्या! तुमच्या रेघा आल्या!" एकेक पाय आडवा ठेवत यांना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणलं. चौकटीला धरून हे किती तरी वेळ खाली बघत राहिले.

"ह्या माह्या नाहीत वं," म्हणाले.

"मग कोणाच्या?"

"लांब आहेत. माहा पाय पुरते का इतका?"

तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी यांचा हात चौकटीवर पक्का धरवला आणि लगबगीने गॅस बंद करायला गेले, जशी रोज जाते. बंद करून वळले तर हे माझ्या पायांकडे बघत होते.

"पाह्यलं का?" म्हणाले. "एकही रेघ तुह्या पायाखाली आली नाही. सारे पाय बरोबर मधात पडले."

आज आठवा दिवस. मी रोज पुसते, रोज येतात. टेप अजून लावलेला नाही, माझी हिंमत होत नाही. मला काही झालेलं नाही. हात थरथरत नाही, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो, दिवसातून दहादा ओवून बघते. डॉक्टरकडे गेले नाही. काय सांगू, की फरशीवर रेघा आल्या म्हणून तपासा? मुलीला परवा फोनवर सांगितलं. ती म्हणाली, लिही, कोणाला तरी माहीत असेल.

मला यातलं काही कळलेलं नाही, आणि आता कळून घ्यायचंही नाही. मला फक्त हेच खातंय. यांना सकाळी ओसरीपर्यंत न्यायचं असतं, संध्याकाळी पुन्हा. माझेच पाय चिकटले, तर यांच्या पायापुढे पाय कोण ठेवील? कोणाले माहीत असेल तर सांगा बाप्पा... मी कोणाले विचारू?