ऑर्गनवाल्या आत्यांचा संप

आमच्या चर्चच्या ऑर्गनवाल्या आत्या म्हणजे सगळ्या गल्लीच्या आत्या. लग्न केलं नाही. का, ते मला पक्कं ठाऊक आहे, पण ते त्यांच्या माघारी सांगण्यातच मजा.

त्यांचे आजोबा मिशनरी होऊन समुद्रापार गेले होते. आता उलट तिकडचाच एक तरुण पाळक आमच्याकडे उपासना चालवायला आला. आमच्यापाशी उरलं होतं काय? रिकामे बाक, आम्ही काठ्या टेकणारे आणि आत्यांचा ऑर्गन. पाळकामागोमाग त्याच्या देशातल्या नर्सबाया आणि गोदामातले कामगार येऊ लागले.

आमची रीत अशी, की आधी आत्या एक कडवं एकट्या वाजवणार, मग आम्ही तोंड उघडणार. या नव्या लोकांकडे ज्याच्या मनात येईल तो सूर लावतो, बाकीचे त्याला धरतात, वाद्य सगळ्यात शेवटी. पहिल्याच रविवारी आत्या वाजवत असताना मागून भलत्याच सुरात गीत उठलं. आत्यांनी झाकण आपटलं, कुलूप लावलं आणि घरी गेल्या.

त्या ऑर्गनवाचून बाईंना दुसरं होतं काय? पाळक समजूत घालायला निघाला. मीही गेलो, मध्यस्थ म्हणून. खरं तर ऐकायला.

"माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही," आत्या म्हणाल्या.

"अडत नाही," पाळक म्हणाला, "पण सूर चढत जातो. शेवटच्या कडव्याला सगळे किंचाळतात. आम्हाला धरून ठेवा ना, आत्या."

"म्हणजे मी तुमच्या मागून यायचं? या वयात?"

"आयुष्यभर आम्ही तुमच्या मागून आलो की," मी म्हटलं.

"तू गप बस, मेल्या! सूर तरी लागला का कधी तुझा?" मग पाळकाकडे वळून, जरा हळू, "आजोबांनी काय केलं हो तिकडे?"

"आमची म्हातारी माणसं सांगतात, पहिलं वर्षभर नुसते ऐकत बसायचे. भाषाच येईना."

"गप्प? आमच्या घराण्यातला माणूस?"

रविवारी कुलूप निघालं. आत्या हात मांडीवर ठेवून बसल्या. मागच्या बाकावरून एका नर्सने गीत उचललं. आत्यांची बोटं चाचपडली, एकदा चुकली, पुन्हा चुकली, आणि दुसऱ्या कडव्याला त्यांनी सूर असा पकडला की मागचे सगळे आनंदाने ओरडले.

आम्ही जुने मात्र तोंड मिटून उभे. आत्यांनी मान वळवून डोळे वटारले, "गा की रे! आता कुणाची वाट बघताय?"