डावीकडे उतरती फरशी

वीजवाहिन्यांची देखभाल करणाऱ्या आमच्या विभागात एकतीस लाइनमन होते आणि त्या एकतिसांच्या अंगावर, पावसाळी कोटापासून पायांतल्या बुटांपर्यंत, जे जे चढे ते एकाच माणसाच्या हातून चढे. त्या माणसाचा कागदोपत्री हुद्दा ‘साहित्यरक्षक’ असा होता. पण हा शब्द माझ्याखेरीज कोणी उच्चारल्याचे मला स्मरत नाही. सारे त्यांना बूटमामा म्हणत. मी तेथे मुख्य लिपिक होतो. पुढे जे प्रकरण उद्भवले त्याची फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्याच हस्ताक्षरात आहे. म्हणून ते सांगण्याचे काम माझ्याकडे येते.

मामांची खोली तळमजल्यावर होती. भिंतीला एकतीस खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक रेनकोट, बाह्या सरळ खाली सोडलेला. हे कोट ते कोमट पाण्यात सौम्य साबण कालवून स्पंजने पुसत आणि सावलीत निथळू देत. पिळण्यास सक्त मनाई. ‘‘जो आज कोट पिळेल, तो उद्या सख्ख्या भावाची मान पिळेल,’’ असे त्यांचे मत होते. रबरी हातमोजे ते मनगटाकडून गुंडाळत फुगवीत आणि फुगलेला मोजा गालाशी नेत. गालाला बारीकशी जरी झुळूक लागली तरी तो मोजा बाद. पाहणाऱ्या नव्या माणसाला वाटे, मामा स्वतःच्याच थोबाडीत मारण्याच्या बेतात आहेत. सेफ्टी बेल्टचे टाके ते मोजत. चिखलाचे बूट आधी वाळू देत, मग ब्रशने झाडत, नाड्या आणि आतले तळवे वेगळे काढत, पोटात वर्तमानपत्राचे बोळे भरत आणि शेवटी कातड्याला मेण चोळत. बूट शेगडीजवळ वाळवणाऱ्या माणसाशी ते आठवडाभर बोलत नसत.

परंतु त्यांची खरी कीर्ती निराळ्या कारणाने होती. नवा बूट ते खोक्यातून काढून थेट कोणाच्या हाती देत नसत. ‘‘नवा बूट आणि नवा जावई सारखेच,’’ ते म्हणत. ‘‘आधी चावणार, मग ऐकणार.’’ म्हणून प्रत्येक जोड ते स्वतः अकरा दिवस पायात घालून रुळवीत. त्यांचा पाय आठ नंबरचा. नऊ नंबरसाठी ते दुहेरी मोजे चढवीत, दहासाठी तिहेरी आणि अकरा नंबर घालणारा जो एकमेव लाइनमन होता, ज्याला उंचीमुळे सगळे बांबू म्हणत, त्याच्यासाठी चौपदरी. अशा तेवीस माणसांचे तेवीस जोड, म्हणजे वर्षाचे दोनशे त्रेपन्न दिवस मामा दुसऱ्यांच्या बुटांत असत.

उरलेल्या आठ जणांचा पाय सात नंबरचा होता. त्या नंबराचा बूट काही मामांच्या पायात शिरेना. पण मामींना चपखल बसे. तेव्हा ते आठ जोड मामी रुळवीत. पंजावर लोखंडी टोपी असलेल्या त्या बुटांत स्वयंपाक करीत, कपडे वाळत घालीत, त्याच बुटांत बाजारात जात. एकदा शेजारीण म्हणाली, ‘‘वहिनी, पायावर सिलिंडर पडायची भीती वाटते का हो तुम्हाला?’’

‘‘नाही हो,’’ मामी म्हणाल्या, ‘‘सध्या सात नंबरची पाळी आहे.’’

आता मामांविषयी एक गोष्ट अशी, की ते डावा पाय किंचित ओढत चालत. ठक्‌-सर्र, ठक्‌-सर्र असा तो आवाज कॉरिडॉरच्या टोकावरून ओळखू येई. आम्हा सर्वांना हे ठाऊक होते. ज्यांना ठाऊक नव्हते असे एकटे मामाच होते. त्यांची पक्की समजूत होती की खोलीची फरशी डावीकडे उतरती आहे. तशा आशयाचे तीन अर्ज त्यांनी नऊ वर्षांत केले, तिन्ही मी रीतसर पुढे पाठवले आणि तिन्ही वेळा बांधकाम विभागाच्या गवंड्याने पाणसळ लावून ‘फरशी समतल आहे’ असा शेरा मारला. ‘‘गवंडीच तिरका असेल,’’ मामा म्हणत. त्यांना खरे काय ते सांगावे असे कोणाच्याही मनात आले नाही. चालत्या माणसाला त्याची चाल काय सांगायची?

मग विभागात नव्या डॉक्टरबाई आल्या. पहिल्याच सकाळी त्या दवाखान्याच्या खिडकीत चहा घेत उभ्या होत्या. समोरच्या मैदानातून हजेरीला येणारे लाइनमन त्यांना दिसले. चहा तसाच ठेवून त्या माझ्या टेबलाशी आल्या.

‘‘भाऊसाहेब, तुमची ही सगळी माणसं डावा पाय का ओढतात?’’

मी म्हणालो, ‘‘सगळी नाहीत, तेवीस.’’ कारण आकडा चुकीचा गेलेला मला खपत नाही.

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘सवयीचं झालं होतं.’’

त्यांनी त्या दिवशीच लेखी आदेश काढला. कारण सापडेपर्यंत हे तेवीस जण खांबावर चढणार नाहीत. विभाग जागच्या जागी थिजला. तेवीस धडधाकट माणसे मैदानात पत्ते कुटू लागली आणि उरलेली आठ माणसे एकतीस जणांचे खांब चढू लागली.

डॉक्टरबाईंनी पाणी तपासले, रक्त तपासले, शिड्या मोजल्या. मी तक्ते करून दिले: वयाप्रमाणे, नोकरीच्या वर्षांप्रमाणे, राहत्या मजल्याप्रमाणे, रक्तगटाप्रमाणे. कशाचाही मेळ बसेना. त्या आठ निरोगी माणसांतही त्यांना एक विचित्र खोड आढळली. दार असो वा खांब, तेथे पोचताच ते एक पाऊल उचलून क्षणभर थिजत, काहीतरी आठवल्यासारखे करत आणि मगच पुढे जात. ‘‘हा निराळाच आजार दिसतो,’’ डॉक्टरबाई हताश होऊन म्हणाल्या.

पाचवा तक्ता मी बुटांच्या नंबराप्रमाणे केला. तो पुरा होताच मी लेखणी खाली ठेवली. आठ, नऊ, दहा, अकरा: लंगडे. सात: सरळ. दुसऱ्याच क्षणी मला कळले, की हा कागद डॉक्टरबाईंच्या हाती पडला तर मामांची खोली जाणार. आणि कागद दडवणे हे माझ्याच्याने होण्यासारखे नव्हते.

आम्ही दोघे खोलीत गेलो तेव्हा मामा बांबूचा नवा जोड चढवत होते. चौथा मोजा ओढून झाला होता.

‘‘मामा, जरा त्या भिंतीपर्यंत चालून दाखवता?’’ डॉक्टरबाईंनी विचारले.

मामा चालले. ठक्‌-सर्र. ‘‘बघा, बघा! मी तीनदा लिहून दिलंय. फरशी डावीकडे उतरती आहे. भाऊसाहेबांना विचारा.’’

‘‘आता तसेच परत या.’’

मामा परत आले. ठक्‌-सर्र.

‘‘मामा,’’ डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, ‘‘जाताना फरशी डावीकडे उतरत असेल, तर येताना ती उजवीकडे उतरायला हवी ना?’’

मामा थांबले. त्यांनी मागे वळून भिंतीकडे पाहिले, मग पायांकडे. बोटाने हवेत एक रेघ काढली, उलटी करून पाहिली. मग ते म्हणाले, ‘‘ही दोन्हीकडून डावीकडे उतरते.’’

डॉक्टरबाईंनी टेप काढून त्यांचे पाय मोजले. डावा नऊ मिलिमीटरने आखूड निघाला.

‘‘आणि त्या पोरांचे?’’ मामांनी विचारले.

‘‘सगळ्यांचे सारखे आहेत. तुमच्या अकरा दिवसांत बूट तुमची चाल शिकतो आणि उरलेलं वर्षभर त्यांना शिकवतो.’’

मामा स्टुलावर बसले. ‘‘लग्नाला चाळीस वर्षं झाली, बाई. हिनं एका शब्दानं सांगितलं नाही.’’

मामींनाही बोलावून घ्यावे लागले, कारण सात नंबरचा खुलासा त्यांच्याकडेच होता. त्या बूट घालूनच आल्या. खोलीच्या दाराशी पोचल्या, एक पाऊल उचलून थांबल्या, पुटपुटल्या आणि आत शिरल्या. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिले.

‘‘आत्ता तुम्ही दारात का थांबलात?’’

‘‘मी? गॅस बंद केला का ते आठवत होते. रोजचंच आहे ते.’’

‘‘अगं,’’ मामा मध्येच म्हणाले, ‘‘मी लंगडतो?’’

‘‘अहो, म्हणजे काय!’’

‘‘मग सांगितलं का नाहीस?’’

‘‘त्यात सांगायचं काय? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. पाय तुमचे आहेत!’’

डॉक्टरबाईंनी सात नंबरच्या खोडीस हरकत घेतली नाही. खांबावर चढण्यापूर्वी ‘बंद केलं का?’ असा विचार करून थांबणारा लाइनमन त्यांना निरोगीच वाटला. मात्र आठ ते अकरा नंबर रुळवणे त्याच दिवशी थांबले आणि तेवीस जणांना खोक्यातले कोरे बूट देण्यात आले. खोलीची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आली; सकाळी मी खोली उघडून देई, संध्याकाळी लावून घेई. मामांच्या हाताला काम उरले नाही. धुतलेलेच कोट ते पुन्हा धुऊ लागले. एकदा मी त्यांना वाळलेल्या बुटात आणखी एक बोळा भरताना पाहिले. बूट आधीच गच्च भरलेला होता.

बारा दिवसांनी तेवीस जण अनवाणी मोठ्या साहेबांच्या दालनात शिरले. बूट हातात, टाचांना पट्ट्या. बांबू पुढे होता.

‘‘साहेब, मामांचे बूट घालून आम्ही लंगडत होतो, कबूल. पण सहा वर्षांत पडलो नाही. ह्या सरळ बुटांनी मी काल सरळ खाली आलो.’’

‘‘किती फुटांवरून?’’

‘‘दुसऱ्या पायरीवरून. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.’’

‘‘मग दुसऱ्या कोणाकडून रुळवून घेऊ. सरळ चालणारा माणूस शोधा,’’ साहेब म्हणाले.

शोध घेतला. सात नंबरच्या आठ जणांना खांबांवरून सवड नव्हती. ज्यांनी ज्यांनी कधी मामांकडून त्यांनी रुळवलेले पावसाळी गमबूट उसने नेले होते ते सारे बाद झाले. त्यांत साहेब होते आणि मीही होतो. मला हे फार लागले. शेवटी डॉक्टरबाईंनीच तोड काढली. डाव्या टाचेखाली नऊ मिलिमीटरची बुचाची चकती घालून मामांनी चालायचे. अकरा दिवस सराव. बाराव्या दिवशी समितीसमोर खडूच्या रेघेवरून तीस फूट चालून दाखवायचे. पाय ओढला गेला नाही तर खोलीची किल्ली परत. ओढला गेला तर स्टेशनरी विभागात बदली, जिथले काही कोणी पायात घालत नाही.

चकती माझ्या ताब्यात असे. सकाळी दहाला सही घेऊन देई, साडेपाचला सही घेऊन परत घेई. पहिल्या दिवशी मामा भिंत धरून चालले. ‘‘भाऊसाहेब, जमीन उजवीकडे उतरायला लागली हो!’’ तिसऱ्या दिवशी त्यांना बोट लागल्यासारखे होऊ लागले. आठव्या दिवशी त्यांनी भिंत सोडली. मैदानात बांबू आणि मंडळी आपल्या परीने धीर देत. ‘‘मामा, छाती पुढे! साहेब कसे चालतात तसे!’’ ‘‘नको रे, साहेबही आपल्यातलेच निघाले!’’

बाराव्या दिवशी कॉरिडॉरमध्ये रेघ आखली गेली. मामा तिच्या टोकाशी उभे राहिले, एकतीस माणसे भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मामा निघाले. ठक्‌. ठक्‌. ठक्‌. इतका सपाट, इतका कोणाचाही असू शकेल असा आवाज त्या कॉरिडॉरने कधी ऐकला नसेल. तीस फूट संपले आणि साहेबांनी किल्ली त्यांच्या हाती ठेवली. ठरावात दोनच कलमे होती. पहिले, मामांनी आठ ते अकरा नंबर कार्यालयातच, चकतीसह रुळवावेत. दुसरे, सात नंबर पूर्ववत मामींकडे. दुसऱ्या कलमावर मामींची सही लागत होती. म्हणून मी त्या संध्याकाळी मामांबरोबर त्यांच्या घरी निघालो. चकती आता कायमची त्यांची होती. ती त्यांनी बुटातून काढली नाही.

‘‘हिला दाखवतो,’’ ते म्हणाले. वाटेत दुकानाच्या प्रत्येक काचेत त्यांनी स्वतःला चालताना पाहिले.

घर दुसऱ्या मजल्यावर. दाराला घंटी नव्हती. तिची कधी गरजच पडली नव्हती. जिन्यात पाऊल वाजले की मामी दार उघडत. इतक्या बिनदिक्कत, की मागे एकदा आपला जोड न्यायला आलेल्या बांबूची चाल ऐकून त्यांनी दार उघडता उघडताच सुनावले होते, ‘‘दूध विसरलात ना आजही?’’ आणि बांबू मुकाट्याने खाली जाऊन दूध घेऊन आला होता.

मामा जिना चढले. ठक्‌, ठक्‌, ठक्‌. मी तीन पायऱ्या मागे होतो. शेवटची पायरी आली. दार बंदच. मामा त्या बंद दारासमोर असे उभे राहिले, जणू ते त्यांनी पूर्वी बाहेरून कधी पाहिलेच नव्हते. काही वेळाने मीच पुढे होऊन कडी वाजवली.

‘‘कोण आहे?’’ आतून आवाज आला.

मी तोंड उघडणार, तोच मामांनी हात वर केला.

‘‘हे घरात नाहीत,’’ मामी आतूनच म्हणाल्या. ‘‘यायची वेळ झालीच आहे त्यांची. थोड्या वेळानं या.’’

मामा पायरीवर बसले. डावा बूट काढला, चकती बाहेर काढली, रुमालाने पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. ‘‘उद्या दहा वाजता द्या. सही करून घेईन.’’ मग त्यांनी नाडी बांधली, दुहेरी गाठ मारली, संपूर्ण जिना खाली उतरून रस्त्यापर्यंत गेले आणि पुन्हा चढू लागले.

ठक्‌-सर्र. ठक्‌-सर्र.

मामा पहिल्या मजल्याशी पोचतात तोच वर कडी निघाली. मामी उंबरठ्यात एक पाऊल उचलून क्षणभर थांबल्या आणि बाहेर आल्या.

‘‘अगंबाई, भाऊसाहेब! तुम्ही कधी आलात?’’ आणि मग जिन्याकडे वाकून, ‘‘अहो, आत्ता कोणीतरी येऊन गेलं दाराशी. पाऊल इतकं सरळ, की माझ्या छातीत धस्स झालं. कोण असेल हो?’’

‘‘कामावरचा आहे,’’ मामा वर येत म्हणाले. ‘‘इकडे नाही यायचा पुन्हा.’’