वैरण आणि पेट्रोल

शहादेव दाजींचं नाव निघालं की कड्यात अजून लोक म्हणतात, "लॉरीनं बुडाला बिचारा." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. लॉरीनं काय केलं? ती लोखंडाची होती, पेट्रोल घातलं की चालायची आणि संपलं की थांबायची. तिच्याइतकं सरळ वागणारं त्या सगळ्या प्रकरणात दुसरं कुणी नव्हतं.

दाजी म्हणजे माझी थोरली बहीण भिवराबाई, आमची अक्का, तिचे यजमान. त्यांचा बाप जन्मभर पाटलाकडे सालगडी होता. सणाच्या दिवशीसुद्धा पाटलाच्या गुरांचं शेण काढूनच तो घरी जेवायला यायचा. दाजींनी मिसरूड फुटायच्या आत ठरवून टाकलं होतं की, आपण कुणाच्या हाताखाली राहायचं नाही. आठ एकर कोरडवाहू होती, तिच्यावर भागणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी एक बैलगाडी केली, मग दुसरी केली. एक स्वतः हाकायचे, दुसरी त्यांचा मावसभाऊ बंकट. कड्याहून ज्वारी, करडई, शेंगा भरून नगरला न्यायच्या, येताना मीठ, रॉकेल, कापड आणायचं. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, मधे संस्थानच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायांची मिजास. श्रीमंती नव्हती, पण दाजींना कुणी हाक मारून कामाला बोलावत नव्हतं. एवढ्यावर तो माणूस खूश होता.

फसली तेराशे चव्वेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी पस्तीसच्या सुमाराला, नगरहून आष्टीपर्यंत लॉऱ्या यायला लागल्या. दोन गाड्यांचा माल एक लॉरी एका दिवसात पोचवून परत यायची. व्यापारी दाजींना म्हणायला लागले की, तुमची गाडी पोचेपर्यंत भाव उतरतो. दाजींना कळलं की गाडीचे दिवस भरले. आता एक तर स्वतः लॉरी घ्यायची, नाही तर दुसऱ्याच्या लॉरीवर हमाली करायची. तिसरी वाट दिसत नव्हती.

नगरला एक जुनी लॉरी सहाशे कलदारला, म्हणजे इंग्रजी रुपयांना, मिळत होती. दाजी मला म्हणाले, "आसाराम, तू शिकलेला. हिसाब मांड. झेपत असंल तर घेऊ, न्हाई तर न्हाई." मी तेव्हा आष्टीच्या तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून होतो. उर्दूत अर्ज लिहायचो, बारा रुपये पगार घ्यायचो आणि तालुक्यात माझ्याएवढं अक्कलवान कुणी नाही असं मला वाटायचं. अक्काच्या ओसरीवर बसून मी सकाळपासून दुपारपर्यंत तो हिशेब मांडला.

तो हिशेब मला आजही पाठ आहे. लॉरी खडकाळ रस्त्यावर गॅलनला दहा मैल चालते. नगरची फेरी साठ मैलांची, म्हणजे सहा गॅलन. पेट्रोल नगरला विकत घ्यायचं, तिथं इंग्रजी पैसा चालतो, म्हणून साडेसात रुपये कलदार, आपल्या संस्थानच्या हाली शिक्क्यात पावणेनऊ. हे कलदार आणि हालीचं अंतर मी विसरलो नाही, म्हणून मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मोबील ऑइल धरलं. टायर दोन वर्षांनी बदलायचे धरले. सरकारी पट्टी, लायसन, नाका, मेकॅनिकची चहापाण्यासकट मजुरी, सगळं धरलं. पावसाळ्यात काळी माती चिकटली की लॉरी चार महिने उभी राहणार, तेही धरलं. दुसऱ्या बाजूला चार बैल. कडबा, पेंड, सरकी मिळून बाजारभावानं महिन्याला चोवीस रुपये, आणि ते बाराही महिने. नालबंदी वेगळी, वंगण वेगळं, आठ वर्षांनी नवी जोडी वेगळी.

दाजींना सगळ्यात जास्त पटलं ते एकच. बैल उभा असला तरी खातो, लॉरी उभी असली की खात नाही. ते दोनदा मोठ्यानं म्हणाले आणि हसले. सगळं वजा जाता लॉरी महिन्याला पंधरा रुपये जास्त ठेवत होती. अक्का तर दाजींपेक्षा उतावीळ होती. नवरा महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असायचा, तो आता रोज घरी जेवेल याचंच तिला अप्रूप होतं. तिनं स्वतः उठून सोन्याच्या पुतळ्यांची माळ आणून माझ्या कागदावर ठेवली. चारही बैल, दोन्ही गाड्या आणि ती माळ विकून लॉरी आली. दाजी दोन महिने नगरला राहून चालवायला शिकले. बंकट मागं क्लीनर म्हणून उभा राहायला लागला.

माझी चूक कुठं झाली ते मला वर्षभरानं कळलं. आमच्याकडे रीत अशी की, गाडी ज्याच्या कामाला जाईल त्यानं बैलांची वैरण घालायची. सोयऱ्याधायऱ्यांची गाडी असेल तर भाड्याचं नावच काढायचं नाही. लग्नाचं वऱ्हाड असो, माहेरी जाणारी लेक असो, बीडच्या दवाखान्यात न्यायचा म्हातारा असो, गाडीवाल्यानं जायचं. ज्यांचं काम त्यांनी बैलांपुढं कडबा टाकायचा, गाडीवानाला जेवू घालायचं, निघताना नारळ द्यायचा. मग सुगीला हीच माणसं विळे घेऊन गाडीवाल्याच्या रानात यायची, चार दिवसांत ज्वारी काढून द्यायची. तेही फुकट. नगरच्या अडतीवरसुद्धा बैलांना चार पेंढ्या मिळायच्या. मी जे चोवीस रुपये वैरणीचे म्हणून बैलांच्या नावावर टाकले, त्यातले निम्मे दाजींच्या खिशातून कधी गेलेच नव्हते. ते गावाच्या गंजीतून येत होते. शिकलेल्या माणसानं ते बाजारभावानं मांडले आणि गाड्या महाग ठरवल्या. आणि लॉरीला कुणाच्या गंजीतून काय मिळणार, हा रकानाच माझ्या कागदावर नव्हता.

लॉरी दारात आली तेव्हा सगळं गाव ओवाळायला आलं. पहिला महिना बरा गेला. मग सुरू झालं. बैल असताना लोक थोडा विचार तरी करायचे, जनावर दमलंय, उद्या बघू म्हणायचे. लॉरी दमत नाही हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कुणाचा जावई नगरच्या स्टेशनावर सोडायचा, कुणाचं लाकूड आणायचं, कुणी तर नुसतं नगर बघायला म्हणून मालावर चढून बसायचं. उतरताना सगळे दाजींना जेवायला बोलवायचे. दाजी कमी खाणारे. त्या वर्षी ते बाहेर इतके जेवले की अक्का चिडवायची, तुमी तर गावाचे जावई झालात. आठवड्याला दोन-तीन गॅलन असे जात होते. ते भरून काढायला भाड्याच्या खेपा वाढवायच्या, तर टायर झिजायचे.

दुसऱ्या वर्षी तात्याबाच्या मुलाचं लग्न निघालं. तात्याबा दाजींचा सख्खा चुलता. मुलगी मांजरसुंब्याची. बीडवरून वळसा घेत जाऊन येऊन सव्वाशे मैल. मी आणि अक्का दोघांनी दाजींना सांगितलं, तेवढं पेट्रोल तरी मागा. दाजी आठ दिवस टाळत राहिले. शेवटी लग्नाच्या आदल्या दिवशी तात्याबाकडे गेले. मी बरोबर होतो.

"तात्या, भाडं नको मला," दाजी म्हणाले. "पिट्रोलाचे सोळा रुपये कलदार होतेत. तेवढे तुमी द्या."

तात्याबा सुपारी कातरत होता. त्यानं अडकित्ता खाली ठेवला. त्याला राग आला नव्हता, खरंच वाईट वाटलं होतं. माझं डोकं तिथंच फिरलं.

"शहादेवा, बैलं आणली असतीस तर म्या आख्खी गंज मोकळी केली असती. वैरण माग, धान्य माग. पैसे कावून मागतोस? पैसे भाडोत्र्याला देत्यात. तू भाडोत्री हायस का माझा?"

दाजी म्हणाले, "न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वऱ्हाड भरून निघाले.

मांजरसुंब्याला मुलीकडच्यांनी मोठा मान केला. दाजींना पागोटं बांधलं. लॉरीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, आणि कुणीतरी हौशीनं कडब्याच्या दोन पेंढ्या आणून तिच्या पुढ्यात टाकल्या. सगळा मांडव हसला, तात्याबाही हसला. यात कुचेष्टा नव्हती. त्यांनी रीत पाळली होती. दाजीही हसले आणि येताना बीडला स्वतःच्या पैशानं चार डबे पेट्रोल घेतलं. खरं तर मांडवातच मी तात्याबाला चार शब्द सुनवायला हवे होते. मी पंगतीत बसून बुंदी खात होतो.

दाजींच्यानं पुन्हा कुणाकडे पैसे मागवले नाहीत. मग अक्कानं पदर खोचला. ती लॉरीच्या दाराशी उभी राहायला लागली. कुणी चढायला आलं की विचारायची, पेट्रोलाचे किती देता? लोक हसण्यावारी न्यायचे. ती हसायची नाही. चार-सहा जणांनी आणा-दोन आणे दिले, आणि महिन्याभरात गावात बोभाटा झाला की शहादेव बायकोला पुढं करून सोयऱ्यांकडून भाडं वसूल करतो. दाजींनी अक्काला हात जोडून बंद करायला लावलं. पण व्हायचं ते झालं. माघात ज्वारी पिकून वाकली तरी एक माणूस विळा घेऊन आला नाही. निरोप धाडला तर उत्तर आलं, तुमच्याकडे पैशानं काम चालतं म्हणतात, मजूर लावा. दाजींनी मजूर लावले. मजुरी दिली तेव्हा लॉरीचा मागचा टायर फुटला होता, तो घ्यायला पैसे उरले नाहीत, उधारीवर घ्यावा लागला. आणि ज्यांनी विळा आणला नाही, ते सगळे त्या टायरच्या आधी आणि नंतरही लॉरीत फुकटच बसत होते. तेवढी रीत त्यांनी सोडली नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात लॉरी झाडाखाली उभी होती. उभी असताना ती पेट्रोल खात नव्हती हे खरं, पण बॅटरी गेली, टपाचा पत्रा गंजला. आष्टीच्या राधाकिशन शेठनं तिला अडीचशे हालीला उचललं. अडतीचं मोठं काम होतं त्याचं. लॉरी घेतली आणि चालवायला माणूस हवा म्हणून तिच्याबरोबर दाजींनाही ठेवून घेतलं, पंधरा रुपये महिना. माझ्या हिशेबात लॉरी दाजींना जे पंधरा रुपये जास्तीचे देणार होती, तेच पंधरा. अक्का त्या दिवशी रडली नाही. तिनं मला जेवायला वाढलं आणि आत जाऊन बसली. माझ्याशी ती पुढं सहा महिने बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

नव्या मालकाच्या लॉरीत मी पहिल्यांदा बसलो तो दिवाळीनंतरचा गुरुवार होता. शेठच्या अडतीसमोर लॉरी भरत होती. कड्याला जाणारी दहा-बारा माणसं पोत्यांवर बसली होती, त्यांत तात्याबा आणि त्याची सून. दाजी गळ्यात पैशाची पिशवी अडकवून मागून पुढं येत होते. तात्याबानं त्यांना मागूही दिलं नाही. कनवटीचे आठ आणे काढून पुढं केले, दोघांचे. वर म्हणाला, "मोजून घे बाबा, शेठ कडक हाय म्हणत्यात." बाकीच्यांनीही दिले. कुणाचं तोंड वाकडं झालं नाही. राधाकिशन त्यांचा कुणी लागत नव्हता, त्यामुळं त्याला पैसे देण्यात कुणाला कसलाच कमीपणा वाटत नव्हता. मला इतका संताप आला की, कड्याला पोचल्यावर तात्याबाला भर पारावर उभा करायचा, असं मी मनात ठरवत होतो.

तेवढ्यात दाजी पुढं माझ्याजवळ आले. मी नेहमीच्या जागी, ड्रायव्हरशेजारी बसलो होतो.

"आसाराम, चार आणे."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसलो.

"सांजच्याला शेठला हिसाब द्यावा लागतो," ते म्हणाले. "चार आणे काढ."

मी खिशात हात घातला. दोन वर्षं दर गुरुवारी आष्टीहून कड्याला आणि शुक्रवारची सुट्टी झाली की शनिवारी परत, पावसाळे सोडले तरी शंभरावर खेपा मी याच जागेवर बसून केल्या होत्या. त्या लॉरीला मैलाला किती पेट्रोल लागतं, हे आख्ख्या तालुक्यात माझ्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांकडे मागा, लाजू नका, असं मी दाजींना सांगायचो तेही बहुतेक इथंच बसून. मी एकदाही चार आणे काढले नव्हते. काढायचे असतात, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

दाजींनी पैसे पिशवीत टाकले. मग माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आधी मागितले असते, तर दिले असतेस?"

मी लगेच हो म्हणालो. ते मी खोटं बोललो. दाजींनी मागितले असते, तर मलाही तात्याबासारखंच वाईट वाटलं असतं.