शिमोनकाका प्रभुभोजनाला बाहेर जातात

किस्से कुणी जमवत नाही. उपासना चालू असताना दाराशी चपला साठतात ना, तसे ते साठतात. आत सगळे डोळे मिटून बसलेले असतात आणि बाहेर ढीग वाढत असतो. आमच्या मंडळीचे किस्सेही असेच साठले. मी दाराजवळ बसायचो, म्हणून माझ्या वाट्याला जरा जास्तच आले.

दाराजवळ का, तर लाजेमुळे. सातवीत शाळा सुटली आणि मी एका लहान कारखान्यात खोकी बांधायला लागलो. चार माणसांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. आमची मंडळी म्हणजे तरी काय? अंबरनाथ पूर्वेला चाळीतली एक खोली, नगरकडून पोटासाठी आलेली दहा-बारा ख्रिस्ती घरं, आणि दर रविवारी कल्याणहून सायकलवर येणारे पाळकबाबा. तिकडे उल्हासनगरच्या कॅम्पात फाळणीत आलेले सिंधी लोक बराकींत नुकते कुठे स्थिरावत होते. आम्हीही तसे नवीनच!

*

खोलीत पहिल्यांदा बसायला नुसती सतरंजी होती. मग शिमोनकाका आले. काका सुतार, हातात जादू. त्यांनी एक बाक केला. सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या महिन्यात दुसरा. मग टेबल, मग पुस्तकांचं फडताळ, मग खिडकीला नवी झडप. सहावा बाक आला तेव्हा रूथमावशी दारातच अडकल्या. मावशी अंगानं भरलेल्या आणि तोंडानं त्याहून.

"शिमोनभाऊ, स्वर्गात बसायला जागा नाही असं कुणी कळवलंय का तुम्हाला?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. बाक तिरका करून त्यांनी कसाबसा आत घेतला.

*

ते का हसले नाहीत, ते महिन्याच्या पहिल्या रविवारी कळायचं. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत प्रत्येकानं पावाचा एकेक तुकडा घ्यायचा. पाळकबाबा पावाची ताटली उचलायचे आणि त्याच क्षणी काका उठायचे, माझ्या गुडघ्यांवरून पाय टाकून बाहेर जायचे आणि पायरीवर बसायचे. भोजन आटोपलं की परत आत. अकरा वर्षं त्यांनी तो तुकडा घेतला नव्हता.

कारण त्यांनी लपवलं नव्हतं. गावाकडे वडील गेल्यावर अवजारांच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी, योहानशी, भांडण झालं. रागाच्या भरात काकांनी हातातली धारदार पटाशी फेकली. भावाचा डावा डोळा गेला. काका त्याच पावली गावातून पळाले, ते पुन्हा गेले नाहीत, की एक कार्डही टाकलं नाही.

"येशूनं क्षमा केलीय, शिमोन," पाळकबाबा म्हणायचे. "ती कमवायची नसते. विश्वासानं नुसती घ्यायची."

"घेईन की, बाबा," काका म्हणायचे. "जरा काम पुरं होऊ द्या."

*

आता माझी फजिती. एकदा बाबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. आठ दिवस आधी सांगितलं, म्हणून मी आठ दिवस खोकी बांधता बांधता पाठ केली. चांगली लांब, शास्त्रातले मोठमोठे शब्द असलेली. रविवारी उभा राहिलो आणि सगळं पुसून गेलं! शेवटी एवढंच म्हणालो, "देवा, मी आलोय." आणि मटकन खाली बसलो.

वाटलं, आता जमीन फाटावी. तेवढ्यात पाळकबाबांनी केवढ्यांदा तरी "आमेन!" म्हटलं.

नंतर मावशींनी मला गाठलं. "लेका, आजवरची सगळ्यात चांगली प्रार्थना! आखूड पण होती."

मला ती थट्टाच वाटली. पण बाबांचा तो "आमेन" अजून कानात आहे. माझ्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं आणि त्यांनी तेच घेतलं.

*

प्रभुभोजनाचा पाव उल्हासनगरच्या कॅम्पातून यायचा, दयालदास या सिंधी गृहस्थांच्या भट्टीवरून. आणायचं काम काकांनी मागून घेतलं होतं. स्वतः खायचा नाही, पण आणायचा! तेही अंबरनाथहून चालत आणि अनवाणी. मेमध्येसुद्धा. एकदा पाय पोळून फोड आले, म्हणून सोबत मी गेलो.

दयालदासशेठनी ते पाय पाहिले. "अरे सुतार, चप्पल किधर?"

"चालतो असाच. तेवढंच पाप हलकं होतं."

शेठनी आम्हाला आत नेलं आणि परातीवरचं ओलं फडकं उचललं. खाली पीठ टम्म फुगलेलं. "ये देखो. खमीर डाला, कपडा ढका, बस. अभी मैं इसको धक्का मारूँ, तो जल्दी फूलेगा क्या?"

"नाही."

"तो फिर? हाथ निकालके बैठना पडता है, भाई."

आपलं सगळं घरदार सिंधमध्ये सोडून आलेला माणूस, धर्मानं आमचा नव्हे! काकांच्या हातात त्यानं पावाबरोबर स्वतःच्या चपला ठेवल्या. काकांनी त्या काखेत मारल्या आणि अनवाणीच परत आले.

*

रूथमावशींचे यजमान थोमाभाऊ. त्यांचा बाप्तिस्मा बदलापूरला उल्हास नदीत झाला. थोमाभाऊ वजनदार गृहस्थ, पाण्याला भयंकर भिणारे. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर त्यांनी पाळकबाबांच्या गळ्याला अशी मिठी मारली की बाबांचा चेहरा जांभळा पडला.

"बाबा, मला धरा! धरा!"

"धरलंय, थोमा! तुम्ही मला सोडा!"

"सोडलं तर बुडेन!"

"नाही सोडलं तर दोघेही बुडू!"

काठावरून मावशी ओरडल्या, "अहो, सोडा त्यांना! लग्नात माझा हात एवढा घट्ट धरला नव्हता!"

त्यांनी सोडलं. बाबांनी त्यांना पाण्याखाली नेलं आणि एखाद्या तान्ह्या लेकरासारखं वर उचललं. थोमाभाऊ नाकातोंडातून पाणी गाळत हसत होते. "धरलं होतं की खरंच!" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते.

काका माझ्याशेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "थोमाला एवढं पाणी पुरलं."

*

शेवटी पाळकबाबांनी काकांना शिक्षा केली. म्हणाले, "महिनाभर या खोलीसाठी काहीही करायचं नाही. खिळासुद्धा ठोकायचा नाही. यायचं, बसायचं, जायचं."

काका कासावीस झाले. पहिला रविवार बसले. दुसऱ्या रविवारी त्यांची बोटं आपोआप बाकाचा कंगोरा चाचपायला लागली. तिसऱ्या रविवारी बाबांची लेखणी पडली. ती उचलायला ते टेबलाखाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. टेबलाची खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत! ताजा रंधा मारलेला.

"शिमोन! हे काय?"

काका मान खाली घालून म्हणाले, "खालून केलं, बाबा. म्हटलं, खालचं देवाला दिसणार नाही."

*

आणि आता हा शेवटचा. पाळकबाबांनी कुणाला न सांगता नगरकडच्या पाळकांना एक कार्ड टाकलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. महिन्याचा पहिला रविवार होता. बाबांनी ताटली उचलली. काका उठले, माझ्यावरून पाय टाकून बाहेर गेले.

चाळीच्या बोळातून एक म्हातारा येत होता. मुंडासं, हातात काठी, डावा डोळा मिटलेला.

"शिमन्या!"

काकांनी भिंत धरली. "दादा... मार मला. काठी हाय हातात, मार."

"मारायला येवढा लांब येतो व्हय? घरी चल. समदं गाव इचारतंय, धाकला कुठं ऱ्हायला?"

"कुठल्या तोंडानं येऊ? भावाचा डोळा फोडला म्हणून गाव थुंकंल."

"गावाला काय ठावं? म्या त्याच सांजंला सांगितलं, लाकूड फोडताना ढलपी उडाली. आयबी तेच मानून गेली."

"पर म्या फोडला!" काका ओरडले. आत भोजनाआधीचं गाणं चाललं होतं, ते थांबलं. "दादा, म्या फोडला!"

"ते मला ठावं हाय. गावात तुझ्यावर कायबी न्हाई. कवाच नव्हतं."

"तू खोटं बोललास? माझ्यापायी?"

"बोललो. त्याची माफी माझी मी मागंन. तू नगं त्यात पडू."

योहानदादा आत आले आणि जागा मिळेल तिथं जमिनीवर बसले. काका उंबऱ्यात उभे राहिले. मग आत आले. पहिल्यांदाच, ताटली अजून बाबांच्या हातात असताना. दोन्ही तळवे त्यांनी पुढे केले.

इतकी वर्षं आम्हाला कृपा समजावून सांगणारे पाळकबाबा तोंड उघडत होते आणि शब्द फुटत नव्हता.

"द्या ना हो पटकन," रूथमावशी रडत रडत म्हणाल्या, "तो पुन्हा पळायच्या आत!"

बाबांनी तुकडा ठेवला. काकांनी तो तोंडात घातला आणि चावायचंच विसरले.