नर्मदा शेडगेचं अडतीस बोअर

कुवेतमधल्या बनेद अल-गारच्या आमच्या इमारतीत नवऱ्यापेक्षा आवाज मोठा असलेल्या बायका पुष्कळ होत्या. नवऱ्यापेक्षा नेम चांगला असलेली एकच, नर्मदा शेडगे. उंचीनं बुटकी, बांध्यानं पिंप, आणि रमीत पत्ते चोरताना रंगेहाथ पकडली तरी पकडणाऱ्यालाच झापणारी. साताऱ्याकडे ती पोलिसांत शिपाई होती. जिल्ह्याच्या रिव्हॉल्व्हर नेमबाजीत पुरुषांना मागे टाकून तिनं कप आणला होता. तो कप तिनं कुवेतलाही आणला आणि शोकेसमध्ये असा मांडला की पाहुण्यानं विचारल्याशिवाय चहाच मिळू नये. मजल्यावरच्या बायका त्या कपाला ‘नर्मदाबाईंचं थोरलं’ म्हणत.

नवरा जयप्रकाश अगदी उलटा. शहराबाहेर अम्गराच्या एका भंगारयार्डात क्रेन चालवायचा, पण दिवाळीत खाली कुणी लवंगी लावली तरी कानात बोळे घालून बाथरूममध्ये जाऊन बसायचा. शेजारच्या सुमनवहिनी म्हणायच्या, यांचं लग्न कुणी जमवलं असेल त्याला एकदा बघायचंय.

ब्याऐंशीत कुवेतचा मनाख शेअरबाजार कोसळला आणि पुढच्या हिवाळ्यात जयप्रकाशच्या मालकानं यार्डाला कुलूप लावलं. महिनाअखेरपर्यंत नवा कफील, म्हणजे इकाम्यावर (तिथं राहायच्या परवान्यावर) सही करणारा मालक, मिळाला तर ठीक, नाहीतर दोघांनी विमान धरायचं. परतून करायचं काय? पोलिसातली नोकरी नर्मदानं इकडे येताना सोडलेली, आणि दिराच्या घरातली त्यांची खोली दिरानं कधीच कोंबड्यांना दिलेली. रमीच्या डावात ती पत्ते चोरेनाशी झाली, तेव्हा आम्हाला खरी काळजी वाटली.

मी तेव्हा अबू यूसुफ या व्यापाऱ्याकडे टायपिस्ट होतो. टायपिंग कमी आणि घरातल्या बातम्या जास्त, अशी ती नोकरी. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. तिथं बायकांचं लग्न वेगळ्या हॉलमध्ये, पुरुषाचं पाऊल आत पडायचं नाही. आत नखशिखान्त सोनं. त्यातच त्या मोसमात शहरात बोभाटा झाला की कुठल्याशा लग्नात एक बुरखेवाली शिरली, ती निघाली पुरुष, आणि सुरा दाखवून चार हार घेऊन गेली. म्हणजे गेला.

अबू यूसुफच्या आई, उम्म यूसुफ, तरुणपणी नवऱ्याच्या मोत्यांच्या व्यापारापायी मुंबईत राहिलेल्या. हिंदी अस्खलित, शिव्यांसकट. त्यांनी फर्मान काढलं, “मला दारात बंदूकवाली बाई पाहिजे. लग्नापुरती नाही, घरीच ठेवीन.” हत्याराच्या परवान्याचं लेक बघणार होता. माझी जीभ स्वस्थ बसणारी नाहीच. मी नर्मदाचं नाव टाकलं. म्हातारी म्हणाल्या, “आधी बघीन. पसंत पडली तर तिचा इकामा आणि नवऱ्याचाही.”

आडवे आले सुभेदार विठ्ठल घोरपडे. लष्करातून निवृत्त, अबू यूसुफच्या पहारेकऱ्यांचे मुख्य, आणि मिशा अशा की आधी त्या खोलीत यायच्या, मग सुभेदार. त्यांचं एकच दैवत होतं, पंचेचाळीस बोअरचं पिस्तूल.

“पंचेचाळीसची गोळी अंगठ्याला लागली तरी माणूस आडवा होतो,” मी नर्मदाला भेटीला नेलं तेव्हा ते म्हणाले. “याला म्हणतात स्टॉपिंग पॉवर. बाईमाणसाच्या हातात ते पेलत नाही, आणि पेलेल ते खेळणं!”

“आडवा होतो? मग तुमचाच अंगठा धरा की पुढं,” नर्मदा म्हणाली. “मी मारते, आपण बघू.”

शुक्रवारी सकाळी अम्गराच्या भंगारयार्डात परीक्षा ठरली. मागे चेपलेल्या गाड्यांची उंच भिंत, त्यामुळे गोळी बाहेर जायची भीती नाही. उम्म यूसुफ मोटारीत काच खाली करून बसल्या. टेबलावर अबू यूसुफच्या संग्रहातली चार हत्यारं मांडलेली. म्हातारींच्या सुनेला आवडलेलं सोन्याच्या मुलाम्याचं पंचवीस बोअर, सुभेदारांचं पंचेचाळीस, अबू यूसुफचं लाडकं लांब नळीचं मॅग्नम, आणि कोपऱ्यात एक आखूड नळीचं अडतीस बोअर रिव्हॉल्व्हर, ज्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. जयप्रकाश मोटारीच्या पलीकडे कापसासकट उभा.

सुभेदारांनी कलिंगडांची रांग लावली. धाड! पहिलं फुटलं. धाड! दुसरं फुटलं. लाल गर अबू यूसुफच्या शुभ्र पायघोळ दिशदाशावर उडाला तरी ते टाळ्या वाजवत होते. सुभेदारांनी मिशीला पीळ दिला. मला वाटलं, संपलं. शेडग्यांचं सामान बांधायला दोरी आणावी.

“सुभेदारसाहेब,” नर्मदा म्हणाली, “कलिंगडं येणारेत का लग्नाला?”

मोटारीतून खुसखुस ऐकू आली.

तिनं आदल्या दिवशीच जुन्या वर्तमानपत्रांचे जाड गठ्ठे पाण्यात भिजत घालायला सांगितले होते. ते तिनं उभे केले आणि प्रत्येकामागे एक रिकामं तेलाचं पिंप ठेवलं.

“गठ्ठा म्हणजे चोर,” ती मोटारीकडे वळून हिंदीत म्हणाली. “आणि मागचं पिंप म्हणजे नवरीची आत्या. भरल्या हॉलमध्ये चोराच्या मागं कुणीतरी उभं असणारच, अम्मा.”

आधी पंचवीस. टुक् असा आवाज झाला. तिनं गठ्ठा उलगडला. गोळी पहिल्या पानावरच्या मंत्र्यांना भेदून अग्रलेखाच्या अलीकडेच अडकली होती. “एवढ्यानं चोर चिडंल फक्त,” ती म्हणाली.

मग मॅग्नम. ते अबू यूसुफनीच हौसेनं झाडलं. आमच्या कानांत घंटा वाजल्या. गठ्ठा आरपार, आणि पिंपाला पुढून एक, मागून एक अशी दोन भोकं.

“आत्या गेल्या,” नर्मदा म्हणाली.

आता म्हातारी मोठ्यानं हसल्या. अबू यूसुफनी मॅग्नम असं खाली ठेवलं की जणू ते दुसऱ्याचंच होतं.

पंचेचाळीसची गोळी मात्र गठ्ठ्यातच राहिली, भोकही ऐसपैस. सुभेदार म्हणाले, “बघा! मी काय सांगत होतो?”

“चांगलंच हत्यार आहे, मी कुठं नाही म्हणते,” नर्मदा म्हणाली. “पण लग्नात ते हातात मिरवणार की कमरेला लावणार? आत मी पाहुण्यांसारखीच असणार. हत्यार पर्समध्ये, आणि वेळ आली तर पर्समधूनच. बाहेर काढायला सवड कोण देतोय?”

पर्सचा विचार एकाही पुरुषाच्या डोक्यात आला नव्हता. आणि तेवढ्यात मोटारीच्या खिडकीतून एक काळी पर्स भिरभिरत येऊन सुभेदारांच्या पायाशी पडली. म्हातारींची स्वतःची, पॅरिसची.

“सुभेदार, तुम पहले,” त्या म्हणाल्या.

ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. एवढ्या मिशांचा माणूस, मनगटाला बायकी पर्स, आणि पर्सच्या आत पिस्तूल धरलेला पंजा. पहिली गोळी सुटली आणि गठ्ठ्यात गेली. दुसरी सुटेचना. पंचेचाळीसचा वरचा भाग प्रत्येक गोळीला मागे सरकतो, तो पर्सच्या रेशमी अस्तरात अडकून बसला होता. सुभेदार ओढतायत, अस्तर फाटतंय, आतून लिपस्टिक खाली पडली.

“चोर आता तुमची पर्सपण नेणार, साहेब,” नर्मदा म्हणाली.

मग तिनं अडतीस उचललं. घोडा झाकलेला, अस्तरात अडकायला बाहेर काहीच नाही. त्यात तिनं चपट्या तोंडाच्या शिशाच्या गोळ्या भरल्या, नेमबाजीत कागदाला स्वच्छ भोक पाडणाऱ्या. फाटकी पर्स खांद्याला लावली, पाहुण्याबाईसारखी दोन पावलं डुलत चालली, अबू यूसुफना “मुबारक हो” म्हणाली, आणि वळली. धाड, धाड, धाड, धाड, धाड. चोरासाठी मांडलेल्या नव्या गठ्ठ्याच्या छातीत पाच भोकं, सगळ्यांवर मिळून एक बशी झाकून बसेल इतकी जवळ. आणि मागचं पिंप? अबू यूसुफ स्वतः जाऊन बोटांनी चाचपून आले. ओरखडाही नाही. गोळ्या शेवटच्या पानांत, फुटबॉलच्या निकालांपाशी विसावल्या होत्या.

“अम्मा,” नर्मदा म्हणाली, “गोळीनं चोर थांबला पाहिजे, आणि चोरात गोळी थांबली पाहिजे. पंचेचाळीस सुभेदारांच्या हाताला शोभतं. ते दाराबाहेर उभे राहू देत. आत मी.”

म्हातारींनी लेकाला अरबीत काहीतरी सुनावलं. त्यातलं मला ‘इकामा’ आणि ‘आज’ एवढंच कळलं, आणि तेवढं पुरे होतं. जयप्रकाशनं कापूस काढला. सुभेदारांची गंमत अशी की सगळ्यांत आधी तेच पुढे झाले, टाच जुळवून नर्मदाला कडक सॅल्यूट ठोकला, आणि हळूच विचारलं, “त्या चपट्या गोळ्या कुठं मिळतात हो, बाई?”

लग्न थाटात पार पडलं. चोर आला नाही. त्या शुक्रवारची बातमी तोवर अर्ध्या शहरात फिरली होती, आणि ती कुणी फिरवली हे विचारू नका, मी लाजतो.

लग्नाच्या संध्याकाळी आम्ही सगळे गॅलरीत उभे होतो. खालून उम्म यूसुफची लांबलचक काळी मोटार आली. स्टिअरिंगवर युनिफॉर्ममध्ये जयप्रकाश, मान ताठ. मागच्या सीटवर म्हातारी, आणि त्यांच्या शेजारी, मध्ये पर्स ठेवून, आमची नर्मदा. सुमनवहिनींनी वरून हाका मारमारून घसा कोरडा केला. नर्मदानं वर पाहिलं नाही. ड्यूटीवर होती ना! फक्त हनुवटी थोडी वर गेली, आणि मोटार समुद्राकडे वळली.