श्री आणि आठ मिनिटं

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकले होते आणि आधीच वैतागले होते. "सर्टिफिकेटं फार उशिरा निघतायत, पण सिस्टिमचा प्रॉब्लेम नाहीये हो," ते म्हणाले, "डिस्पॅचच्या ताईंचा हात मंदावलाय. सोमवारपासून त्यांना पॅकिंग गोदामात टाकतोय. तुम्ही फक्त एकदा बघून ओके द्या."

ताईंना मी ओळखत होते. आमचं सॉफ्टवेअर तिथे बसवलं तेव्हापासून बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट त्याच काढायच्या. तो कागद मिळाल्याशिवाय टँकर गेटबाहेर जात नाही. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली, आणि गोदामात दिवसभर उभं राहायचं. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नौपाड्यातल्या घरून ऑफिसला न जाता थेट डोंबिवली गाठली.

ताईंच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि ट्रेस चालू केला. प्रोग्रॅमने डेटाबेसला काय काय विचारलं, कशाला किती वेळ लागला, हे सगळं ट्रेस टिपून ठेवतो. ताईंनी बॅच नंबर टाकला, एंटर दाबलं. एक मिनिट. चार मिनिटं. ताई पदराने चष्मा पुसत राहिल्या. आठव्या मिनिटाला सर्टिफिकेट आलं.

मी ट्रेसची यादी उघडली आणि स्टुलावरून उडालेच. बाकी सगळ्या ओळी पापणी लवायच्या आत संपलेल्या, आणि एकच ओळ आठ मिनिटं खाऊन बसलेली! "सापडला!" मी ओरडले. पलीकडच्या टेबलांवरून माना वर झाल्या. या क्षणासाठी मी जेवणसुद्धा सोडते, खोटं कशाला सांगू.

त्या ओळीचा अर्थ होता, 'नंबरच्या आधी काहीही असो, शोध.' शब्दकोशात पहिलं अक्षर माहीत असेल तर थेट पान उघडता येतं. मधलीच अक्षरं माहीत असतील तर अख्खा शब्दकोश वाचत बसा. प्रोग्रॅम दर वेळी कारखान्याच्या झाडून सगळ्या बॅच वाचत होता, आणि बॅच तर रोज वाढत होत्या. "कोणत्या शहाण्याने लिहिलंय हे?" म्हणत मी बदलांची नोंद उघडली.

शहाणी मीच होते. सात वर्षांपूर्वीची नोंद, माझ्याच नावाची.

मग सगळं आठवलं. ताई रजिस्टरच्या प्रत्येक पानावर आधी 'श्री' लिहायच्या. कॉम्प्युटरला पान नाही, म्हणून दिवसाच्या पहिल्या बॅचच्या नंबराआधीच त्यांनी श्री टाकायला सुरुवात केली. त्या बॅच शोधताना सापडेनात. मी दोन मिनिटांत शोधच सैल करून टाकला आणि स्वतःवर जाम खूश झाले होते.

आता उपाय सोपा होता: नुसता नंबर आणि श्री लावलेला नंबर, असे दोन नेमके शोध. नीट तपासून, परवानगी घेऊन दुपारी चढवला. ताईंनी एंटर दाबलं आणि त्यांचं बोट उचलायच्या आत प्रिंटर घरघरला. मी चक्क टाळ्या वाजवल्या!

मग ताईंना श्रीचा सगळा घोळ समजावून सांगितला, तो साहेब येऊन ऐकत होते. "म्हणजे चूक ताईंच्या श्रीचीच ना?"

एक क्षण गप्प बसावंसं वाटलं, हे कबूल करते. मग मी म्हणाले, "नाही साहेब. आळस माझा. ताईंचा हात पहिल्यासारखाच चालतोय, हा ट्रेस बघा."

त्यांनी बघितलं, मान हलवली. "राहू दे मग त्यांना इथेच," म्हणाले आणि गेले.

मी ताईंची माफी मागितली. वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. त्या हातातल्या सर्टिफिकेटकडे बघत होत्या.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "मी तर दोन महिने झाले टायपिंगचा क्लास लावलेला."